राखणीचं मडकं

आमच्या नाट्यगृहाची मागची भिंत आणि बिअरच्या भट्टीची बाजूची भिंत एकच होती. त्यामुळे रंगमंचावर राजा शेवटचे आचके देत असताना पलीकडून पिंपं गडगडायची, आणि प्रेक्षक म्हणायचे, वा, काय ढग वाजवलेत! त्या पिंपांमागे जो माणूस होता त्याला भट्टीत सगळे नाकाजी म्हणत. नाक दिसायला अगदी बेताचंच. पण ते नाक एका सकाळी हललं नसतं, तर भट्टीतला एकही माणूस कामाला हात लावू शकला नसता.

जव भिजत घालायचे, मोड आणायचे, भाजून भरडायचे, गरम पाण्यात कालवून त्यांचा गोड काढा काढायचा आणि कडवट फुलं टाकून तो उकळायचा, इथवरचं काम दहा जण करत. काढा निवला की पुढचा अंक एकट्या नाकाजींचा. तळघरातल्या गार कोनाड्यात दोन मडकी असायची. आत पिवळसर, लापशीसारखा दाट गाळ. पुस्तकात त्याला यीस्ट म्हणतात, भट्टीत मात्र सगळे विरजण म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. दह्याला लावतात तसंच ते काढ्याला लावायचं, आठ-दहा दिवसांत काढ्याची बिअर होते, हौदाच्या तळाशी नवा गाळ बसतो, तो काढून परत मडक्यात. पुढच्या वेळी त्यातलंच लावायचं. असं नाकाजींच्या पणजोबांपासून चालत आलेलं.

एक मडकं रोजच्या वापराचं. दुसरं राखणीचं, म्हणजे पहिलं नासलं तर हाताशी असावं म्हणून बाजूला जपलेलं. त्याची पळी वेगळी, फडकं वेगळं. एकातली पळी दुसऱ्यात गेली तर पणजोबा स्वर्गातून खाली उतरतील, असं नाकाजी नव्या कामगाराला बजावत.

सकाळी ते झाकण उचलायचे, डोळे मिटायचे, मान किंचित कलती करायचे आणि म्हणायचे, "हं." बस. त्या "हं"वर भट्टी सुरू. चार-चार पानांची स्वगतं म्हणणारे नट मी पाहिले, तेवढा परिणाम कुणाला साधला नाही.

बायको लवकर गेली. घरात ते आणि त्यांची मुलगी. दिवसभर काही ना काही वाहून नेताना दिसायची म्हणून तिला मुंगी म्हणत. सव्वीस वर्षांची झाली तरी मुंगीच. भट्टीचे मालक म्हणजे नाकाजींचे थोरले भाऊ. तळघर आपल्यामागे मुंगीकडे जावं अशी नाकाजींची इच्छा होती आणि मालकांनाही ते मान्य होतं. मुंगीला तर दुसरं काही नकोच होतं. स्थळं आली की ती विचारायची, "तुमच्याकडे तळघर आहे का?" आणि स्थळ परत जायचं.

एकदा प्रयोगशाळेतल्या एक बाई आल्या. जुन्या भट्ट्यांमधली विरजणं गोळा करून त्यांचं मूळ शोधत होत्या. काचेची एक नळी पुढे करून म्हणाल्या, "चमचाभर द्या. जपून ठेवू. तुमचं हे मुळात कुठून आलं तेही सांगता येईल."

नाकाजी म्हणाले, "बाई, आमची लेक आम्ही नळीत घालून पाठवत नाही."

"एक चमचाच तर आहे."

"एक चमचा म्हणजे अख्खी लेकच. वाढते ती."

बाई हसल्या, नळी रिकामी घेऊन गेल्या. मी तिथेच बाकावर बसले होते. मलाही ते उत्तर फार आवडलं. टाळी द्यावीशी वाटली होती.

पुढच्या थंडीत नाकाजींना ताप आला. नऊ दिवस अंथरुणात होते. दहाव्या दिवशी उठून तळघरात गेले, झाकण उचललं, डोळे मिटले, मान कलती केली. काहीच नाही. मडक्यात जणू पाणी होतं. राखणीचं उघडलं. तेही पाणी. फडकं हुंगलं, स्वतःचा सदरा हुंगला, दिव्यातलं रॉकेल बोटाला लावून हुंगलं. जिन्यावर दहा माणसं थांबली होती. नाकाजी म्हणाले, "हं."

यातलं बरंचसं मला नंतर बापलेकींनी वेगवेगळं सांगितलं, काही मी डोळ्यांनी पाहिलं.

येईल परत, असं त्यांना वाटत राहिलं. चार दिवसांनी येईल, महिन्यानं येईल. तोवर वेळ मारून नेण्याची एक युक्ती त्यांनी काढली. सकाळी मडकं मुंगीच्या हातात द्यायचं, "धर गं जरा, कंबर धरलीय," आणि झाकण काढून तिच्या चेहऱ्याकडे बघायचं. तिचं तोंड शांत राहिलं की "हं." तिला वाटे, बाबांना आता माझ्या हातांचा आधार लागतो. ती खूश होती. सहा महिने भट्टी तिच्या नाकावर चालली आणि तिला कळलंही नाही.

मग तिची मावशी अंथरुणाला खिळली आणि मुंगी तीन आठवडे तिची शुश्रूषा करायला गेली. वाचायला चेहरा उरला नाही. नाकाजी गडबडले. भीतीपोटी त्यांनी कधी या मडक्यातलं लावलं, कधी त्या मडक्यातलं. कुठल्या हौदाला कुठलं लावलं हे आधी लक्षात ठेवलं, मग निसटलं. तळाचा गाळ परत भरतानाही घोळ झाला.

मुंगी परतली ती सरळ हौदांपाशी. तिसऱ्या हौदावर वाकली आणि तशीच थांबली. मालक तिथे होते, कामगार होते.

"बाबा, याला ओल्या गोणपाटाचा वास येतोय."

"प्रवासातून आलीस. तुझ्या शालीचा येत असेल."

"शाल बाहेर ठेवून आलेय."

"मग सर्दी झाली असेल. दादा, ऐकलंत का? तेहतीस वर्षं हुंगतोय मी, आणि ही मला गोणपाट शिकवतेय!"

मालक हसले. कामगार हसले. शेवटी मुंगीही हसली. "मला माझीच लाज वाटली हो, ताई," ती मला म्हणाली. "बाबांच्या नाकापुढे आपलं नाक काय चालवायचं?"

त्या दिवसापासून नाकाजींनी मडकं तिच्या हातात देणं बंद केलं. तिचा चेहरा वाचायचीच त्यांना धास्ती वाटू लागली.

महिन्याभरात पिंपं परत यायला लागली. आधी दोन, मग एका दिवसात अकरा. एका गुत्तेवाल्यानं तर पिंप अंगणात ओतलंच आणि म्हणाला, "घोडा धुतलेलं पाणी विकायला लागलात होय?" मालक लालबुंद झाले. आधी चांगलं होतं, मुंगी आली आणि बिघडलं, एवढंच त्यांना दिसत होतं. सगळ्यांसमोर त्यांनी तिला विचारलं, "आजाऱ्याच्या घरून आलीस. हात धुतलेस का हौदाशी जाण्याआधी?"

"धुतले, काका."

"मग कुठून आली ही घाण? इतकी वर्षं आली नाही ती?" ते भावाकडे वळले. "तूच सांग. बाहेरूनच आलीय ना?"

स्टेजवर गप्प उभं राहणं फार अवघड असतं, नवे नट त्यात हमखास फसतात. हात कुठे ठेवावे कळत नाही. नाकाजींचे हात कुठे होते ते मला आजही आठवतं. ते सदऱ्याचं एक बटण पिळत होते. बटण तुटून हातात आलं तरी बोलले नाहीत.

"आजपासून तळघराकडे फिरकायचं नाही," मालक पुतणीला म्हणाले. "अंगणात पिंपं धू." आणि भावाला, "दोन मडक्यांतलं जे चांगलं असेल ते लाव आणि सुरू कर नव्यानं."

जे चांगलं असेल ते. दुसऱ्या दिवशी सकाळी नाकाजी तळघरात दोन मडक्यांसमोर बसले. एक नासलेलं होतं, एक बहुधा धड होतं. कुठलं ते सांगणारी व्यक्ती वर अंगणात, झरोक्याच्या अगदी तोंडाशी उकळत्या पाण्यानं पिंप घासत होती. हाक मारली असती तर क्षणात निकाल लागला असता. पण हाक मारली असती तर आदल्या दिवशीची चुप्पी उघडी पडली असती.

त्यांनी हाक मारली नाही. आधी राखणीचं मडकं उघडलं, मग रोजचं, आणि दोन्ही एकत्र केली. चांगलं असेल ते वाईटावर चढेल, असा हिशेब. भट्टीतला कालचा नोकरसुद्धा ही चूक करणार नाही. बरं, हात जुन्या सवयीचे. रिकामं झालेलं मडकं, पळी, झाकण सगळं त्यांनी लगोलग कढत पाण्यानं धुऊन काढलं, अगदी चोख. कुठे चिमूटभरही शिल्लक राहिलं नाही.

चार दिवसांनी दुपारी जव भाजायच्या खोलीतून धूर यायला लागला. मुंगी अंगणातून धावत गेली. कढईतले जव करपून काळे झाले होते आणि नाकाजी हातभर अंतरावर, तिकडे पाठ करून, पोती मोजत होते. तिनं कढई ओढली. हात भाजला. ते वळले, धूर बघितला, आणि मग घाईघाईनं नाक मुरडलं.

"आधी धूर दिसला तुम्हाला," मुंगी म्हणाली. "वास आलाच नाही."

"आला की."

"बाबा. माझ्या हाताला आत्ता कसला वास येतोय?"

तिनं हात त्यांच्या नाकाशी धरला. सोड्याच्या उग्र पाण्यात दिवसभर असलेला हात. नाकाजींनी तो हुंगला आणि खाली बघितलं.

"कधीपासून?"

"तापापासून."

"म्हणजे गोणपाट..."

"हो."

ती पोत्यावर बसली. भाजलेल्या हातावर फुंकर घालत म्हणाली, "मग त्या दिवशी कुठलं लावलंत?"

"दोन्ही एकत्र केली."

"आधी उघडलंत ते चांगलं होतं," ती म्हणाली. "झरोक्यातून आला होता वास. तुम्ही पहिलं झाकण काढलंत तेव्हा पिकल्या नासपतीचा आला, आपला. मग दुसरं काढलंत तेव्हा गोणपाट. मला वाटलं तुम्हाला कळलंच असेल. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

नाकाजी म्हणाले, "दादाला सांगू नकोस." मुंगीनं मान डोलावली. भाजलेला हात पाण्यात बुडवला आणि पिंपं धुवायला गेली.

एकत्र केलेलं विरजण लावलेला हौद आठव्या दिवशी गटारात सोडावा लागला. मालकांनी प्रयोगशाळेतल्या बाईंना बोलावलं. त्यांनी थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकात पाहिला, मान हलवली. टोमणा मारायची हक्काची संधी होती, पण त्यांनी मारला नाही.

"मी दुसरं देऊ शकते," त्या म्हणाल्या. "नळीतलं, शुद्ध. बिअर उत्तम होईल."

"आमची होईल का?" नाकाजींनी विचारलं.

"नाही. थंड तळघरात राबणारं विरजण बहुतेक दोन जातींच्या मिलाफातून झालेलं असतं. एक जात भट्ट्यांमध्ये माणसाळलेली, दुसरी रानातली, झाडांच्या सालीवर राहणारी. कधीतरी कुणाच्या तरी हौदात दोघींची गाठ पडली. ती गाठ पुन्हा घालता येत नाही."

"पण पहिल्यांदा कुणी नळी दिली होती? पहिल्या माणसाला कुठून मिळालं?"

"कुणी दिलं नाही. धान्याचा गोड काढा कुणीतरी उघडा ठेवला असेल. सालीवरून, फळावरून, गांधीलमाशीच्या पोटातून त्यात काहीतरी पडलं. बहुतेक वेळा काढा सडलाच असेल. एखाद्या वेळी फसफसला, आणि प्यायल्यावर कुणी मेलं नाही. मग त्यांनी ते भांडं धुतलं नाही, इतकंच."

तसंच उघड्या काढ्यात विरजण धरून बघायला नाकाजींनी भावाकडे दोन महिने मागितले. मालक म्हणाले, "नळी घेऊन मोकळे होऊ या." पण धाकट्या भावाच्या नाकावर त्यांचा अजून विश्वास होता. दोन महिने दिले.

काढा भरलेली चौतीस मडकी आधी उघडी ठेवली, मग झाकली. भिंतीवर, माळ्यावर, झाडाखाली, आमच्या रंगमंचाच्या वरच्या दोरखंडांतसुद्धा दोन. मालक दुपारी गावात गेले की मुंगी एकेक झाकण उचले आणि नाकाजी पाटीवर लिहून घेत.

"बोल."

"साचलेलं डबकं."

"पुढचं."

"आंबलेलं दूध. आणि जरा रंगाचा वास."

"ते नाटकवाल्यांच्यातलं असणार. फेक. पुढचं."

"मेलेला उंदीर."

"वासासारखा की खराच?"

मुंगीनं वाकून बघितलं. "खराच."

त्या दोघांना हसताना मी त्या वर्षात तेवढंच पाहिलं. एरवी ती आकडा आणि वास सांगे, ते लिहीत, आणि मालक परतायच्या आत ती अंगणात पिंपांपाशी. मी एकदा नाकाजींना बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊ, पोरीच्या हातांची सालं निघालीत. सांगून टाका की." माझ्या नाटकातल्या भूमिकांवरून ते मला राणीसरकार म्हणत. म्हणाले, "राणीसरकार, एकदा विरजण परत मिळू दे. मग सांगतो. रिकाम्या हातांनी कसं सांगू?"

नासपतीखालचं एक मडकं टिकलं. गळलेल्या फळांवर गांधीलमाश्या बसत, त्यातल्या काही काढ्यात पडल्या होत्या. त्यावर पांढरा, घट्ट फेस आला. तळाला स्वच्छ गाळ बसला. मुंगीनं मालकांच्या नकळत तो वेगळा केला, वाढवला, एका छोट्या हौदाला लावला. दोन महिने संपायला तीन दिवस उरले असताना चाखायची वेळ झाली.

मालकांनी मलाही बोलावलं होतं. त्यांनी पेला भरला, प्याले, पुन्हा प्याले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "वाचलो," म्हणाले. "केसभर इकडे-तिकडे असेल, पण लोकांना काय कळतंय! उद्यापासून पिंपांवर जुनंच नाव." त्यांनी भावाच्या पाठीवर हात मारला. "तुझं नाक रे! सोन्यानं मढवायला हवं. आणि ऐक, आता तळघराला बाहेरचा माणूस बघू. हिला नको. एकदा पोळलोय आपण."

मुंगी दाराशी बादली घेऊन उभी होती. तिनं बादली खाली ठेवली नाही.

नाकाजींनी पेला उचलला. नाकाशी नेला, सवयीनं. डोळे मिटले. मान कलती केली. दहा माणसं "हं"ची वाट बघत होती. त्यांनी डोळे उघडले आणि पेला दाराकडे धरला.

"मुंगे, हे आपलं आहे का?"

"तिला काय विचारतोस?" मालक म्हणाले.

"आहे का गं?"

मुंगीनं पेला घेतला नाही. लांबूनच म्हणाली, "नाही, बाबा. चांगलं आहे. पण आपलं नाही. आपलं गेलं."

"बघितलंस?" मालक उसळले. "हिला अजून अक्कल शिकवायचीय!"

"दादा," नाकाजी म्हणाले, "मला वास येत नाही. दहा महिने झाले. गोणपाट हिनं ओळखलं होतं, मी हिला हसलो. राखणीतलं शाबूत होतं, ते मी मारलं. हिनं काहीच केलं नाही. ही चौतीस मडकी हिनंच हुंगली. मी फक्त लिहिलं."

मी आयुष्यभर कबुल्या पाहिल्या त्या दिव्याच्या झोतात, मागे सारंगी घेऊन. इथे एका कामगाराला ठसका लागला होता आणि तो बिचारा तोंड दाबून उभा होता.

मालक खुर्चीवर बसले. "दहा महिने," ते म्हणाले. "आणि मी हिला..." त्यांनी पुतणीच्या हातांकडे बघितलं. मग कमरेची तळघराची किल्ली सोडवली आणि भावावरून हात नेऊन तिच्यापुढे धरली. माफी मागायला त्यांना जमलं नाही. त्या घरात ते कुणालाच जमत नसे.

मुंगीनं किल्ली घेतली. म्हणाली, "जुनं नाव लावायचं नाही."

"अगं, गिऱ्हाईक जाईल."

"जाईल."

नाकाजी तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले. "मी येऊ खाली?" त्यांनी विचारलं.

"नको, बाबा."

तिनं रागानं म्हटलं नाही. तळघरात चूक करू शकणारा माणूस नको, एवढंच, आणि हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. ते परत फिरले आणि त्यानंतर कधी खाली गेले नाहीत.

नवी बिअर नव्या नावानं निघाली. निम्मे गुत्तेवाले सोडून गेले. दहांपैकी चार कामगारांना दुसरीकडे काम बघावं लागलं, त्यांतला एक भट्टीतच लहानाचा मोठा झाला होता. जाताना तो नाकाजींशी बोलला नाही.

नाकाजी त्यानंतर पाच वर्षं जगले. पुढच्या दालनात, जिथे लोक पेला घेऊन बसत, तिथे एका कोपऱ्यातल्या बाकावर असायचे. कुणी जुनं गिऱ्हाईक म्हणालं, पूर्वीची चव राहिली नाही बुवा, की ते उत्तर देत, "पूर्वीची मी मारली." मग सगळं सांगत, ताप, गोणपाट, दोन मडकी, बटणसुद्धा. हळूहळू कुणी विचारायचीही गरज उरली नाही. पाय धुवून नुकता बसलेला परगावचा माणूस असला तरी ते सरकून जवळ जात आणि सुरू करत. माणसं अवघडायची. काही पेला अर्धा टाकून उठायची.

मी शेवटचं पाहिलं तेव्हा ते असेच एका अनोळखी जोडप्याला सांगत होते. "आणि ती वर, झरोक्यापाशीच होती हो. नुसती हाक मारायची होती..." त्या बाईनं नवऱ्याकडे बघितलं. मुंगी आतून फडक्याला हात पुसत आली, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, पुरे आता. त्यांना पिऊ द्या."

"फक्त शेवट राहिलाय गं."

"तो मी सांगेन. तुम्ही जेवायला चला."

ते उठले. जोडप्यानं तिच्याकडे बघितलं. ती काही न सांगता त्यांचे पेले भरून आत गेली.